'युगान्त', दुसऱ्यांदा

महाभारतावर कादंबरी सोडून काही सुचवा म्हणालात, तर इरावती कर्व्यांचं 'युगान्त' घ्याच. मी सध्या दुसऱ्यांदा वाचतेय. १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं पुस्तक. आपल्या पुण्याच्या भांडारकर संस्थेने अनेक हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आधार घेऊन त्या एकेक व्यक्तिरेखा तपासतात. विदुर आणि धर्मराज बापलेक तर नसतील, हा प्रश्न किती धीराने उलगडलाय! आणि कृष्ण-अर्जुनांनी खांडववन जाळल्याचं वाचताना पोटात कालवतं. काल बसमध्ये ते पान उघडं ठेवून मी कितीतरी वेळ नुसती खिडकीबाहेर बघत होते. माझी प्रत जुनी, अप्पा बळवंत चौकात घेतलेली. गांधारीच्या लेखाशेजारी कुणीतरी पेन्सिलीने बारीक रेघा ओढल्यात. लगोलग दुर्गाबाई भागवतांचं 'व्यासपर्व'ही वाचा. माणसं तीच, पण भाषा काव्याकडे झुकणारी. मला मात्र इरावतीबाईच जास्त जवळच्या वाटतात.