फेसबुकला दंड की बंदी?

सुहास काका: *फॉरवर्डेड: "मी मेटाला माझे फोटो आणि मजकूर वापरण्याची परवानगी देत नाही. हे कॉपी करून प्रोफाइलवर टाका."* सगळ्यांनी टाका रे.

मृणाल: काका, याने काही होत नाही. खातं उघडताना मान्य केलेल्या अटी अशा मेसेजने रद्द होत नाहीत.

सुहास काका: मग सरकार काय करतंय? जबर दंड ठोका म्हणावं!

मृणाल: ठोकलाय की. व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या प्रायव्हसी पॉलिसीवरून भारताच्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे फेसबुक-व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, २१३.१४ कोटींचा दंड केला. शिवाय जाहिरातींसाठी आपला डेटा मेटाच्या इतर कंपन्यांना द्यायला ५ वर्षं बंदी घातली. अपिलात दंड राहिला, बंदी उठली. माझ्या मते उलटं व्हायला हवं होतं.

प्रसाद: का? दंडात पैसे तरी जातात.

मृणाल: २०१९ मध्ये अमेरिकेत फेसबुकला ५ अब्ज डॉलरचा दंड होणार ही बातमी फुटली, आणि शेअर चक्क वर गेला! सुटलो एकदाचे, असं गुंतवणूकदारांना वाटलं असणार. पण युरोपने फोनला यूएसबी-सी पोर्टच हवा असा नियम केल्यावर ॲपलला २०२३ च्या आयफोनमध्ये पोर्ट बदलावा लागला. आधी कुरकुर केली, पण नियमापुढे चालली नाही.

प्रसाद: आपलाही डेटा कायदा आलाय ना?

मृणाल: हो, २०२३ चा. पण एका उल्लंघनाला दंड जास्तीत जास्त २५० कोटी, कंपनी केवढीही असो. युरोपात जगभरातल्या उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

नलिनी मावशी: कंपन्यांचं झालं. सरकारकडे असलेल्या माहितीचं काय? सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणं देऊन केंद्र आपल्याच यंत्रणांना या कायद्यातून वगळू शकतं. तक्रारी ऐकणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाचे सदस्यही केंद्रच नेमणार.

सुहास काका: सरकार आपलंच आहे हो.

नलिनी मावशी: आज आपलं वाटतंय. कायदा पुढच्यांच्याही हातात राहणार आहे, सुहासराव.

प्रसाद: 👍 मावशी

मृणाल: मावशींचं पटतं. तरी मंडळ काम करू लागलं की तक्रारी जायला हव्यात. कोणी तक्रारच केली नाही तर कलमं कागदावरच राहतील.

नलिनी मावशी: आणि आपल्या सोसायटीच्या गेटवरच्या ॲपचं? येणाऱ्या प्रत्येकाचा फोटो नि नंबर घेतो आपण. कधी पुसतात ते? सेक्रेटरीसाहेब?

सेक्रेटरी: व्हेंडरला विचारून सांगतो.

नलिनी मावशी: लेखी विचारा.