तुरुंगात बायबल वर्ग घ्यायचा आहे: परवानगी कशी काढायची, काय शिकवायचं, काय टाळायचं?

नगरी_पाळक विचारतात:

सर्वांना सलाम. आमची मंडळी प्रॉटेस्टंट, नगर जिल्ह्यातली. एका मध्यवर्ती कारागृहात आठवड्यातून एकदा बायबल वर्ग घ्यावा असा पास्टोरेट कमिटीचा (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीचा) ठराव झाला आहे. दीक्षित पाळक मी एकटा. सोबत चार स्वयंसेवक, त्यांत दोन बहिणी. तुरुंगाच्या कामाची सवय कोणालाच नाही.

अर्ज कोणाकडे करायचा आणि सोबत काय जोडायचं? वर्षभराचा अभ्यासक्रम आखून न्यावा का? ख्रिस्ती नसलेले बंदी येऊन बसले तर काय करायचं? प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) देता येतं का? ‘प्रेमाने वागा, प्रभू मार्ग दाखवील’ हे माहीत आहे. मला कामाचा तपशील हवा आहे.

गेटपास:

पाळकसाहेब, सलाम. अर्ज कारागृह अधीक्षकांच्या नावाने, मंडळीच्या लेटरहेडवर करा. नाताळच्या एकदाच्या भक्तीचा निर्णय सहसा अधीक्षकांच्या पातळीवर होतो. दर आठवड्याच्या उपक्रमाचा कागद मात्र विभागाच्या उपमहानिरीक्षकांकडे आणि पुढे पुण्याच्या कारागृह मुख्यालयापर्यंत फिरू शकतो. तुमचं कारागृह ज्या विभागात येतं तिथे माहितीसाठी प्रत द्या आणि आवक क्रमांक घेऊन ठेवा. तो हातात नसला की पुढच्या वेळी चौकशी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

सोबत जोडायचं ते: कमिटीच्या ठरावाची प्रत, तुमच्या दीक्षेचं प्रमाणपत्र, जाणाऱ्या प्रत्येकाचं आधार, दोन फोटो आणि पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. नेणार असलेल्या पुस्तकांची नावं आणि प्रती लिहा. वर्गाचा वार, वेळ, माणसांची संख्या आणि मुदत लिहा. पहिल्यांदा सहाच महिने मागा. कायमस्वरूपी परवानगीवर सही करायला कोणीही कचरतो, सहा महिन्यांवर सहसा होते. स्वयंसेवकांपैकी कोणाचा नातेवाईक किंवा ओळखीचा माणूस त्याच तुरुंगात असेल तर ते अर्जातच सांगा. मागाहून कळलं तर सगळ्यांचाच पास जातो.

वेळेचं गणित आधी समजून घ्या. दुपारी साधारण बारा ते तीन बंदी बरॅकीत बंद असतात, आणि संध्याकाळचं जेवण लवकर वाटून पुन्हा गिनती होते. म्हणून सकाळी साडेनऊ ते अकरा किंवा दुपारी तीन ते साडेचार एवढ्याच फटी उरतात. गेटवर नोंद, झडती, मोबाइल जमा करणं, आत शिपाई सोबत मिळणं, मग बरॅकींतून माणसं बोलावणं, यात चाळीस मिनिटं सहज जातात. नव्वद मिनिटांची परवानगी म्हणजे हातात पन्नास मिनिटांचा वर्ग, असं धरून चाला.

मोबाइल, स्मार्ट घड्याळ, पेनड्राइव्ह, तंबाखू, औषधं, गाडीची किल्लीसुद्धा बाहेर. खिशात राहिलेली तंबाखूची पुडी ही ‘विसरलो’ म्हणून सुटणारी गोष्ट नाही. मनाई असलेली वस्तू आत नेणं हा कैद होऊ शकणारा गुन्हा आहे.

शब्दसेवक:

वर्षभराचा अभ्यासक्रम आखू नका. २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसं होती आणि त्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून संपलेला नाही असे. म्हणजे आज समोर बसलेला पुढच्या आठवड्यात तारखेला गेलेला असतो, जामिनावर सुटलेला असतो, नाहीतर दुसऱ्या तुरुंगात हलवलेला असतो. ‘मागच्या वेळी आपण पाहिलं’ या वाक्याने धडा सुरू केला की अर्धा वर्ग तिथेच गळतो. प्रत्येक धडा त्याच दिवशी सुरू होऊन त्याच दिवशी संपला पाहिजे. सलग अभ्यास फक्त पक्क्या कैद्यांच्या वेगळ्या गटासोबत जमतो. तिथे मार्काचं शुभवर्तमान घ्या, चारांत सगळ्यात लहान, सोळा अध्याय.

पन्नास मिनिटं अशी वापरा: एक गीत आणि प्रार्थना मिळून आठ मिनिटं, दहा ते पंधरा वचनांचं मोठ्याने वाचन दोनदा, मग तीन प्रश्न. गोष्टीत काय घडलं, कोण कोणाशी कसं वागला, आणि आपण त्यात कुठे आहोत. तिसऱ्या प्रश्नाला वीस मिनिटं राखून ठेवा. प्रवचन दहा मिनिटांच्या वर नको. वाचायला कोणालाही नाव घेऊन सांगू नका. ज्याला वाचता येत नाही त्याची सगळ्यांसमोर फजिती होते आणि तो पुन्हा येत नाही. ‘कोण वाचतं?’ एवढंच विचारा. हार्मोनियम नेण्याची परवानगी मागत बसण्यापेक्षा अभंगाच्या चालीची भजनं घ्या, टाळ्यांवर होतात आणि नवा माणूसही दुसऱ्या कडव्याला सूर लावतो.

उतारे निवडताना आत बसलेल्याच्या कानाने ऐका. योसेफाची गोष्ट (उत्पत्ती ३९ ते ४१) चांगली चालते, कारण खोटा आळ आणि विसरलेली शिफारस या दोन्ही गोष्टी तिथे कोणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. पण फक्त योसेफच घेत राहिलात तर वर्गातला प्रत्येक जण निर्दोष ठरतो. त्याच्या जोडीला दावीद राजा आणि त्याचा अपराध त्याला दाखवणारा नाथान (२ शमुवेल १२) आणि ५१वं स्तोत्र ठेवा. जक्कय या जकातदाराची गोष्ट (लूक १९) नुसत्या पश्चात्तापावर थांबत नाही. तो चौपट परत करायची तयारी दाखवतो. ज्याचं नुकसान केलं त्याचं काय, हा प्रश्न तिथून निघतो, आणि तुरुंगात तो फार कमी वेळा निघतो. फिलेमोनाला लिहिलेलं पत्र २५ वचनांचं आहे, एका बैठकीत संपतं. परत येणाऱ्या दासाला धन्याने भाऊ म्हणून कसं स्वीकारावं, हा त्याचा विषय, आणि सुटून घरी जाणाऱ्याला तो लगेच लागू होतो.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातले १६ आणि १२ हे अध्याय जपून घ्या. सोळाव्या अध्यायात भूकंप होतो, दारं उघडतात, बेड्या गळतात, आणि हे सगळं दाराशी उभा असलेला शिपाई ऐकत असतो. तिथेच थांबलात तर पळून जाण्याचं गाणं होतं. २८व्या वचनापर्यंत जा: कैदेत असलेला पौल पळत नाही, आणि जीव द्यायला निघालेल्या तुरुंगाच्या नायकाला थांबवतो. बाराव्या अध्यायात देवदूत पेत्राला सोडवतो, म्हणून ‘विश्वास ठेव, तुझी केस सुटेल’ असं सांगायचा मोह होतो. त्याच अध्यायाच्या दुसऱ्या वचनात याकोबाला तलवारीने मारलेलं आहे. दोन्ही वाचा. जामीन फेटाळला गेला की असल्या आश्वासनावर बसलेला माणूस देवावर आणि तुमच्यावर एकदमच रुसतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

निवृत्त_तुरुंगाधिकारी:

वरचं ठीक आहे. वर्ग बंद पडतात ते बहुधा शिकवण्यातल्या चुकांमुळे नाही. कारणं वेगळी असतात.

पहिलं कारण चिठ्ठी. ‘फादर, एवढाच नंबर माझ्या बायकोला द्या’ इथून सुरुवात होते. नंबर बायकोचाच आहे हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. तो साक्षीदाराचाही असू शकतो, आणि मग तुम्ही साक्षीदारावर दबाव आणणाऱ्या साखळीतला एक दुवा होता. तोंडी निरोपही नाही. मुलाखत, पत्र आणि तुरुंगातला फोन या वाटा आहेत. त्या अडल्या असतील तर तुरुंगाधिकाऱ्याच्या कानावर घाला. कँटीनसाठी पैसे भरणं, जामीनदार राहणं, वकील सुचवणं, तिन्ही नको. एकाला दिलं की दहा मागतात, आणि नाकारलेले नऊ तक्रार करतात. वकील नसलेल्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायला सांगा, तिथे मोफत मिळतो. मुंबई भागात ‘प्रयास’ या प्रकल्पाचे समाजकार्यकर्ते १९९०पासून तुरुंगांत काम करतात, सुटकेनंतरच्या गोष्टी त्यांना चांगल्या ठाऊक आहेत.

दुसरं कारण धर्मांतराचा आरोप. बाप्तिस्मा आत देऊ नका, कोणी कितीही आर्जव केली तरी. कैदेतल्या माणसाची इच्छा मोकळी होती हे नंतर सिद्ध करता येत नाही. एक तक्रार झाली की चौकशी तुमच्यापुरती राहत नाही, आतल्या ख्रिस्ती बंद्यांची भक्तीही बंद पडते. स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७मध्ये सांगितलं आहे की धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. माझं मत विचाराल तर वर्ग ख्रिस्ती बंद्यांपुरताच ठेवा.

तिसरं, दाखला. वर्ग पुरा केल्याचं प्रमाणपत्र दिलं की ते माफीच्या (शिक्षेतल्या सुटीच्या), संचित रजेच्या (फर्लो) किंवा अभिवचन रजेच्या (पॅरोल) अर्जाला जोडता येईल अशी बातमी बरॅकीत पसरते आणि हजेरी दुप्पट होते. याने माफी मिळणार नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला. प्रमाणपत्रंच देऊ नका हे उत्तम. ज्याला शिकून पदरात काही पाडून घ्यायचं आहे त्याला मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांची चौकशी तुरुंगाच्या शिक्षकांकडे करायला सांगा.

सिस्टर_वसई:

निवृत्त साहेबांशी एका मुद्द्यावर मतभेद. इतर धर्मांच्या माणसाला दारातून परत पाठवणं मला पटत नाही. कैद्यांना कसं वागवावं याविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या मंडेला नियमांतला ६५वा नियम दोन्ही बाजू सांगतो: धर्मगुरूला भेटायला कोणाही बंद्याला मनाई नसावी, आणि ज्याला भेट नको त्याच्या मनाचा मान राखावा. व्यवहारात एवढं करा की ज्याला यायचं आहे त्याने स्वतःच्या हाताने किंवा अंगठ्याने अधीक्षकांकडे अर्ज द्यावा. यादी तुरुंगाने बनवावी, तुम्ही नाही. तुमच्याकडे नावांची वही असूच नये. बोलावणं, आग्रह, पत्रकं वाटणं काही नको. कागद असला की आरोपाला उत्तर राहतं.

पापांगीकार (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) आणि खाजगी बोलण्याविषयी मात्र सगळ्यांनी नीट समजून घ्यावं. आपल्या पुराव्याच्या कायद्यात वकिलाशी झालेल्या बोलण्याला संरक्षण आहे, पतीपत्नींमधल्या बोलण्याला आहे. धर्मगुरूशी झालेल्या बोलण्याला वेगळं संरक्षण नाही. कॅथलिक धर्मगुरूवर पापांगीकाराची मोहोर, म्हणजे ऐकलेलं गुप्त ठेवण्याचं बंधन, चर्चच्या नियमाने आहे, पण न्यायालय त्याला साक्षीला बोलावू शकतं. पाळक आणि साधे स्वयंसेवक तर उघड्यावरच. म्हणून कच्च्या कैद्यांच्या वर्गात पहिल्या पाच मिनिटांत सांगायचं: ‘आपल्या केसमधलं काही इथे बोलू नका. मन मोकळं करा, घटना सांगू नका.’ शेजारी बसलेला उद्या माफीचा साक्षीदार असू शकतो. सभेत साक्ष देण्याची, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सांगण्याची, हौस असलेले स्वयंसेवक इथे हमखास चुकतात. ‘तुमचं पाप सगळ्यांसमोर कबूल करा’ असं सभेत म्हणायची सवय असते, ती गेटबाहेर ठेवा.

खाजगी बोलणं आपल्यापाशीच ठेवायचं, याला एकच अपवाद, तोही आधी जाहीर करा: कोणी जीव द्यायचं किंवा घ्यायचं बोललं तर ते अधिकाऱ्यांना सांगितलं जाईल.

महिला विभागात तुमच्या बहिणींनीच जावं, महिला कर्मचारी हजर असताना. सहा वर्षांपर्यंतची मुलं आयांसोबत आत असतात, ती वर्गात येणारच. दोघींपैकी एकीने मुलांना कोपऱ्यात गोष्टीत गुंतवावं, नाहीतर वर्ग होत नाही. मुंबईच्या आसपासच्या तुरुंगांत नायजेरियासारख्या देशांतले बंदी येतात, त्यांना इंग्रजी लागते. गोव्यातल्या कोलवाळच्या तुरुंगात कोंकणी आणि इंग्रजी. नगरकडे मराठी आणि हिंदी बायबल दोन्ही ठेवा.

कॅथलिक वाचकांसाठी: थेट अर्ज करण्याआधी आपल्या धर्मप्रांतातल्या प्रिझन मिनिस्ट्री इंडियाच्या समन्वयकाला भेटा. हे काम १९८१मध्ये केरळात सुरू झालं. एकाच तुरुंगात दोन गट वेगवेगळे अर्ज घेऊन गेले तर दोन्ही लोंबकळतात.

नगरी_पाळक:

सगळ्यांचे आभार. पुस्तकं आणि प्रभुभोजन राहिलं. कमिटीने पुठ्ठा बांधणीची पन्नास बायबलं आधीच घेऊन ठेवली आहेत.

गेटपास:

ती तुरुंगाच्या ग्रंथालयाला पाच-सहा द्या, बाकी मंडळीत वापरा. जाड पुठ्ठ्यात आणि पाठीच्या पोकळीत वस्तू लपते, म्हणून झडतीत पुठ्ठा उसवला तर तक्रार करता येत नाही. शिवाय पातळ बायबल पेपर बिडी वळायला फार सोयीचा असतो. संपूर्ण ग्रंथ वाटला की आधी शेवटची पानं जातात, म्हणजे प्रकटीकरण. त्यापेक्षा एकेका शुभवर्तमानाच्या सुट्या पुस्तिका न्या, मोठ्या टायपाच्या, शिवलेल्या किंवा चिकटवलेल्या. स्टेपलची पिन आणि तारेची स्पायरल गेटवर निघते. तीस पुस्तिका आत, तीस बाहेर, दोन्ही वेळा मोजून नोंदवहीत. चाळिशीवरच्यांना वाचायचे चष्मे नसतात, तेव्हा चष्म्यांची मागणी तुरुंगाच्या दवाखान्यामार्फत करा, स्वतः वाटू नका.

शब्दसेवक:

प्रभुभोजनासाठी द्राक्षरस, मद्यांश नसलेला, आणि भाकर वर्गाच्या अर्जात नको, स्वतंत्र अर्जात लिहा: किती मिलिलिटर, किती जणांसाठी, उरलेलं परत नेणार. काचेचा पेला नको, कागदी कप मोजून न्या. ज्यांच्या चर्चमध्ये द्राक्षारस, म्हणजे मद्यांश असलेली वाइनच लागते, त्यांनी त्याचा वेगळा लेखी उल्लेख करावा, कारण दारूबंदीचा प्रश्न गेटवर निघतोच. आणि नाताळचा अर्ज ऑक्टोबरातच द्या. डिसेंबरात सगळ्या मंडळ्या एकदम जातात आणि हॉल एकच असतो.