मदत हवी आहे: दाढा किडतायत, दुपारच्या खाण्याला काय द्यावं?

आम्ही इंदूरला असतो. मुलगी सहा वर्षांची. दुधाच्या दोन दाढा किडल्या, त्या भरून घेतल्या. मागून पहिली कायमची दाढ येतेय, ती काहीही करून वाचवायची आहे.

डॉक्टर म्हणाले, गोड किती खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं ते बघा. प्रत्येक खाण्यानंतर तोंडातले जंतू आम्ल तयार करतात, आणि दातांची झीज भरून काढायला लाळेला वेळ लागतो. म्हणून चॉकलेट बंद. जलेबी फक्त रविवारी, पोह्यांबरोबर. फ्लोराइडची पेस्ट दोन वेळा, ब्रश मीच फिरवते, आणि रात्री त्यानंतर फक्त पाणी.

अडचण दुपारची आहे. ३ ते ७ ती सासूबाईंजवळ असते, आणि तेव्हा थोड्या थोड्या वेळाने शेव-परमल (परमल म्हणजे कुरमुरे), बिस्किटं सुरूच असतात. शेव गोड नाही, मग दात कसे किडतील, असं आईंना वाटतं. पण परवा ब्रश करताना दाढेच्या खाचेतून बिस्किट-शेवेचा चिकट पिवळा लगदा निघाला. पिठाचे पदार्थही असे अडकून राहिले की जंतूंना पुरतात. आई प्रेमानेच देतात, त्यांना दुखवायचं नाही.

पनीर, काकडी, भाजलेले दाणे देऊन पाहिले; दोन दिवसांत कंटाळली. बिनसाखरेचं दूध पीत नाही. अंडी आमच्याकडे चालत नाहीत.

दुपारी एकदाच, पोटभर होईल, दाताला चिकटणार नाही आणि आईंनाही करायला सोपं जाईल असं तुम्ही काय देता? आणि बिस्किटांऐवजी खजूर-मनुका दिल्या तर त्याही चिकटून तेवढंच नुकसान करतील का?