सुंतेचं ऑपरेशन: खरा त्रास रात्रीचा

सुंता (लिंगाच्या टोकावरची कातडी काढणं) करून घ्यायचीय आणि ऑपरेशनचीच धास्ती वाटते असं तुम्ही लिहिलंय, पण ते अर्ध्या-पाऊण तासात उरकतं आणि भूल दिलेली असल्याने दुखत नाही. मला त्रास झाला तो रात्री. झोपेत ताठरता आली की टाके ओढले जायचे, दचकून जाग यायची. उठून लघवीला जाऊन आलं, चार पावलं चाललं की ओसरायचं. पहिल्या आठवड्यातली सूज, काळंनिळं पडणं बघून घाबरू नका. उघडं पडलेलं टोक कपड्याला घासून फार हुळहुळतं. डॉक्टरांना विचारून व्हॅसलीन लावा. टाके साधारण 2-3 आठवड्यांत विरघळतात, शरीरसंबंध मात्र 4 ते 6 आठवडे नकोच. रक्त थांबेना, पू झाला, ताप आला किंवा लघवी अडली, तर लगेच डॉक्टरांना गाठा.