शब्दचर्चा: भविष्यवाणीतलं ‘देवाचं मंदिर’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न
बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (२:४) प्रेषित पौल म्हणतो की शेवटच्या काळातला ‘अनीतिमान पुरुष’ देवाच्या मंदिरात बसेल आणि स्वतःला देव म्हणवेल. काही पाळक यावरून सांगतात की यरुशलेमात (आधीची दोन नष्ट झाल्यावर) तिसरं मंदिर उभं राहणारच. पण करिंथकरांच्या पत्रात तोच पौल विश्वासणाऱ्यांना ‘तुम्हीच देवाचं मंदिर’ असं म्हणतो. मग मंदिर म्हणजे इमारत की माणसं? मूळ शब्द एकच आहे का?

प्रतिसाद
मूळ ग्रीक शब्द दोन्हीकडे एकच, ‘नाओस’. गंमत अशी की नव्या करारात मंदिरासाठी दोन शब्द येतात आणि मराठी बायबलमध्ये दोन्हींसाठी बहुतेक ठिकाणी ‘मंदिर’च वाचायला मिळतं. दुसरा शब्द ‘हिएरॉन’, म्हणजे अंगणं-ओवऱ्यांसकट सगळं आवार. येशू शिकवायचा तो हिएरॉनमध्ये, सराफांचे चौरंग उलथले तेही तिथेच. नाओस म्हणजे आतली मुख्य वास्तू, जिथे फक्त याजकांनी जायचं. जखऱ्या याजक धूप जाळायला गेला तो नाओसमध्ये. येशू मरण पावला तेव्हा फाटला तो नाओसचा पडदा. आपल्याकडचा जवळचा शब्द ‘गाभारा’. अगदी तंतोतंत नाही, कारण नाओसमध्ये पवित्रस्थान आणि परमपवित्रस्थान असे दोन भाग होते.

आता २:४ पुन्हा वाचा. थेस्सलनीकाचे विश्वासणारे मूर्ती सोडून देवाकडे वळलेले, असं पहिल्या पत्रातच आहे (१:९). नाओसमध्ये देवाची मूर्ती असते हे त्यांना लहानपणापासून माहीत. यरुशलेमचा गाभारा मात्र रिकामा होता. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपे आत घुसला तेव्हा तिथे कुठल्याही देवाची मूर्ती नव्हती, असं रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. त्या रिकाम्या जागी कुणीतरी स्वतः जाऊन बसणार, हा पौलाच्या वाक्याचा धक्का आहे. आणि ती निव्वळ कल्पना नव्हती. इ.स. ४० च्या सुमारास सम्राट कॅलिग्युलाने स्वतःचा पुतळा त्या मंदिरात बसवण्याचा हुकूम काढला होता. सीरियाचा सुभेदार पेट्रोनियस याने चालढकल केली, आणि ४१ च्या जानेवारीत कॅलिग्युलाचा खून झाला म्हणून ते टळलं. पत्र ५०-५१ च्या आसपासचं धरलं (ते खुद्द पौलाचं की नाही यावर अभ्यासकांत वाद आहे), तर ही दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याआधी इ.स.पू. १६७ मध्ये सीरियाचा ग्रीक राजा अँटिओखस चौथा याने मंदिर विटाळलंच होतं. जुन्या करारातल्या दानिएलाच्या पुस्तकातला ‘ओसाडी करणारा अमंगळ पदार्थ’ बहुतेक अभ्यासक त्याच्याशीच जोडतात.

म्हणून माझं मत: इथे नाओस म्हणजे तेव्हा उभी असलेली इमारत.

प्रतिसाद
हरकत आहे. पौलाच्या नावावरच्या इतर पत्रांत नाओस जिथे जिथे आलाय (१ करिंथ ३ आणि ६, २ करिंथ ६, इफिस २) तिथे तो माणसांबद्दलच आहे. मग इथेच अपवाद का? प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथर, कॅल्विन यांनी इथे ‘मंडळी’ (म्हणजे ख्रिस्ती चर्च) असाच अर्थ घेतला. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीत (इंग्लंडमधल्या प्रोटेस्टंटांच्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यात) तर हा अनीतिमान पुरुष म्हणजे पोप, असं सरळ लिहिलंय.

प्रतिसाद
हरकत वजनदार आहे. पण त्या प्रत्येक ठिकाणी पौल रूपक स्वतः उलगडतो: ‘तुम्ही आहात’, ‘तुमचं शरीर आहे’. इथे काहीच उलगडत नाही. उलट पुढच्याच वचनात विचारतो, मी तुमच्याकडे होतो तेव्हा हे सांगायचो, आठवत नाही का? ते तोंडी बोलणं आपल्यापर्यंत पोचलेलं नाही, म्हणून वाद. चर्चच्या आरंभीच्या शिक्षकांपैकी दुसऱ्या शतकात आयरेनियसने यरुशलेमची इमारत धरली; पाचव्या शतकात ऑगस्टीनने इमारत की मंडळी हे अनिश्चितच ठेवलं. पोपचा अर्थ मात्र सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट भांडणातून तापलेला आहे, वचनातून कमी.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, मी उलट्या बाजूला आहे: तिथे नाओस म्हणजे माणसं. ११:१-२ मध्ये योहानाला नाओस, वेदी आणि तिथे उपासना करणारे मोजायला सांगितलंय. उपासकांना काठीने मोजायचं, यातच काय ते समजावं! बाहेरचं अंगण परराष्ट्रीय ४२ महिने तुडवणार. बहुतेकांच्या मते हे पुस्तक इ.स. ९५ च्या सुमाराचं, म्हणजे रोमन सेनापती टायटसच्या सैन्याने ७० मध्ये मंदिर जाळल्यानंतर पंचवीस वर्षांनी लिहिलेलं. ३:१२ मध्ये तर विजयी माणसाला नाओसचा खांब करीन असं वचन आहे. तिथे विटा-दगड शोधण्यात अर्थ नाही.

एकाच शब्दाचा एकच अर्थ दानिएलापासून प्रकटीकरणापर्यंत ओढत नेला की घोटाळा होतो. तिसऱ्या मंदिराचं वेळापत्रक असंच जुळवलेलं आहे. धर्मशिक्षक डार्बीच्या एकोणिसाव्या शतकातल्या मांडणीनंतर आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलमुळे (टिपांसकट छापलेल्या बायबलमुळे) ते घराघरांत पोचलं. पण मंदिर पाडलं जाईल आणि मग पुन्हा बांधलं जाईल, असं २ थेस्सलनीकात नाही. ‘तिसरं मंदिर’ हा शब्दप्रयोग नव्या करारात कुठेच नाही. वाचणाऱ्याने तर्काने काढलेला तो निष्कर्ष आहे, आणि पाळकांनी तो तसा सांगावा इतकंच.

प्रश्न
मग भाषांतरात ‘गाभारा’च का घालू नये?

प्रतिसाद
‘तुमचं शरीर हा गाभारा आहे’ हे छान वाटेल, पण योहान २:२० मध्ये यहुदी म्हणतात की हा नाओस बांधायला ४६ वर्षं लागली. तिथे कुणी नुसत्या गाभाऱ्याबद्दल बोलत नाहीये. ‘मंदिर’ राहू द्यावं आणि खाली तळटीप द्यावी.