१०६० काढून नवीन ग्राफिक्स कार्ड घेतोय, पाच वर्षं निघतील का?

सांगलीकर:
मंडळी सल्ला हवाय. पीसी २०१९ चा, प्रोसेसर (सीपीयू) रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०६० ६ जीबी. मॉनिटर साधा १०८०पी. कार्डाने आजवर कधी कुरकुर केली नाही, पण इंडियाना जोन्सचा २०२४ चा गेम सुरूच होत नाही, रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचं खरंखुरं गणित) करणारं कार्डच लागतं त्याला. वर्षभर पगारातून बाजूला काढलेले पैसे आहेत, पुन्हा इतक्यात जमणार नाहीत, त्यामुळे एकदा घेतलं की पाच वर्षं बघायला नको. दुकानदार म्हणतो आरटीएक्स ५०६० घ्या, १०८०पीला कार्डावर ८ जीबी मेमरी भरपूर. घेऊ का?

जळगावचा_गेमर:
नको रे भावा, ८ जीबी नको. मी दोन वर्षं ८ जीबीवालंच वापरतोय, सुरुवातीला मस्त चाललं, आता नवीन गेमला टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) अल्ट्रावर ठेवले की पहिली दहा मिनिटं ठीक, मग कॅमेरा फिरवला की झटका बसतो, आणि भिंतीवरच्या पोस्टरजवळ जाऊन उभं राहिलं तरी ते पुसटच, दोन-तीन सेकंदांनी अक्षरं उमटतात. कोपऱ्यात एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम) आकडा छान दिसतो म्हणून मला कितीतरी दिवस कळलंच नाही. टेक्स्चर वाढवायला कार्डाची ताकद फार लागत नाही, व्हीरॅममध्ये, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत, जागा लागते. पीएस५ लाच १६ जीबी मेमरी आहे, सगळी मिळून का होईना, आणि मोठे गेम तिच्यावरही चालायचे म्हणूनच बनतात.

जुना_असेंबलर:
वरचं बरोबर आहे, त्यात तुमच्या बोर्डाचा मुद्दा वेगळाच. बी४५० म्हणजे पीसीआयई ३.०, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या रस्त्याची जुनी पिढी, आणि ५०६० ला त्या रस्त्याच्या लेन फक्त ८. व्हीरॅम भरली की कार्ड साध्या रॅममधून डेटा ओढतं, आणि तो रस्ता तुमच्याकडे नवीन ५.० बोर्डाच्या चौथा हिस्साच. त्यामुळे रॅडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी बघा, पण १६ जीबीवालंच, त्याच नावाने ८ जीबीचंही येतं, खोका नीट वाचून घ्या. त्याला लेन पूर्ण १६ आहेत. इंटेलचं बी५८० स्वस्तात १२ जीबी देतं पण ३६०० सोबत ते मार खातं, नको.

आणि पैसे द्यायच्या आधी आत्ताच एक करा, नेहमीचा गेम ७२०पी आणि लो सेटिंगला चालवा, म्हणजे कार्डावर भार राहत नाही. तेव्हा जो एफपीएस येईल तेवढाच तुमचा सीपीयू देणार, कार्ड कुठलंही लावा. कमी वाटला तर पुढे त्याच बोर्डावर बायोस अपडेट करून ५७००एक्स प्रोसेसर बसतो. एसएमपीएस (पॉवर सप्लाय) कितीचा आहे?

सांगलीकर:
दादा खूप आभार. लगेच करून बघितलं, ७२०पीला ९० च्या आसपास येतोय, मला तेवढं पुरे. केस उघडली, एसएमपीएस ५५० वॅट, कार्डाला वीज द्यायच्या ६+२ पिनच्या दोन वायरी आहेत, एक अजून प्लास्टिकच्या पट्टीत बांधलेलीच. पुढच्या फॅनपर्यंत २८ सेंमी जागा भरली, म्हणजे तीन फॅनवालं बसणार नाही, दोन फॅनवालं शोधतो.