मदत हवी आहे: लाल बावट्याच्या बाबांना पूर्व युरोपची कला कुठे दाखवू?

नमस्कार मंडळी, मी बर्लिनला असते, पुढच्या महिन्यात बाबा येतायत, वय ७२, गुडघे कुरकुरतात पण म्युझियम म्हटलं की पळतात. गिरणीत होते, ८२ च्या संपापर्यंत, युनियनमध्ये लाल बावट्याचे. आमच्या शाळेच्या पुस्तकांना 'सोव्हिएत देश'च्या गुळगुळीत कागदाची कव्हरं असायची, त्यातले ट्रॅक्टर आणि हसऱ्या बाया मला अजून पाठ आहेत. तर विषय असा की त्यांना जुन्या कम्युनिस्ट देशांची आजची कला बघायचीये आणि मला भांडण नकोय.

भांडण का, तर मागे ते बहिणीकडे मिनियापोलिसला होते तेव्हा वॉकर आर्ट सेंटरमध्ये 'मल्टिपल रिॲलिटीज' लागलं होतं (२०२३-२४, पूर्व जर्मनी, पोलंड, हंगेरी वगैरे सहा देशांतली साठ ते ऐंशीच्या दशकातली प्रयोगशील कला). बहीण हौसेने घेऊन गेली. बाहेर आल्यावर बाबा म्हणे, "सगळेच पोलिसांच्या डोळ्यात धूळ फेकणारे कसे गं? मग कारखान्यात चित्रं कोण लावत होतं?" आणि खरं सांगू, मला उत्तर देता आलं नाही.

मी सान्या इवेकोविच या कलाकार बाईचं 'ट्रँगल' सांगून बघितलं. १९७९, झाग्रेब, युगोस्लाव्हियाचे राष्ट्राध्यक्ष टिटो यांची मिरवणूक रस्त्यावरून चाललीये, समोरच्या गच्चीवर पहाऱ्याचा माणूस, आणि ही बाई आपल्या बाल्कनीत खुर्ची टाकून व्हिस्की पितेय, पुस्तक वाचतेय आणि आणखी एक हावभाव करतेय जो बाबांना सांगताना मी सरळ गाळला 😅 अठरा मिनिटांत पोलिसाने बेल वाजवून सांगितलं, बाल्कनीतली माणसं आणि वस्तू आत घ्या. बस, एवढंच ते काम, चार फोटो आणि थोडा मजकूर. बाबा हसले, म्हणाले बाई धीट आहे, पण माझा प्रश्न तिथेच आहे.

मलाही वाटतं पाश्चात्य म्युझियम्सना बंडखोरच आवडतात. सरकारमान्य चित्रकार एकतर तळघरात नाहीतर चेष्टेला. १९९९ ला जर्मनीतल्या वायमारमध्ये जीडीआरची (म्हणजे पूर्व जर्मनीची) शेकडो चित्रं राखाडी प्लास्टिकवर एकमेकांना खेटून टांगली होती, केवढा गदारोळ झाला, चित्रकार आपली कामं परत मागायला लागले. तर असं ठिकाण सांगा जिथे दोन्ही बाजूंची कला धड टांगलेली आहे. जर्मनीबाहेर एकच ट्रिप जमेल, पोलंडचं वॉर्सा की स्लोव्हेनियाचं ल्युब्लियाना ते ठरत नाहीये.

फिरता_भोवरा:
पहिलं पॉट्सडॅमचं दास मिन्स्क. मूळ १९७७ चं जीडीआरचं रेस्टॉरंट, नाव बेलारुसच्या राजधानीचं, पुढे नुसतं पडून होतं, पाडणार होते, २०२२ मध्ये तिथे कलादालन झालं. मालकाच्या संग्रहात जीडीआरची चित्रं भरपूर आहेत, पण प्रदर्शनं बदलत राहतात तेव्हा आधी साईट बघ नाहीतर तिसरंच काही लागलेलं असायचं. तिथूनच बार्बेरिनी म्युझियमच्या अंगणात जा, वोल्फगांग मॅटहॉयर या कलाकाराचा ब्राँझचा पुतळा आहे, १९८४ चा. एक हात नाझी सलामीत, दुसऱ्याची मूठ आवळलेली, एक पाय बुटात, दुसरा उघडा, आणि डोकं छातीत खचलंय. लाइपझिगच्या या माणसाने बर्लिनची भिंत उभी असताना केलाय. बाबांना काही समजावू नकोस, पाच मिनिटं गप्प उभं राहू दे.

तिखटमीठ:
ताई, बाबांच्या प्रश्नाचं उत्तर बाड फ्रँकेनहाउझेनला आहे. १५२५ चं शेतकऱ्यांचं बंड, त्यावर चित्रकार वेर्नर ट्युबकेचं गोल पॅनोरमा, म्हणजे आपल्याभोवती गोल फिरणारं चित्र, १४ मीटर उंच आणि १२३ मीटर लांब!! काम सरकारचं, पैसा सरकारचा, अकरा वर्षं लागली, सरकारला क्रांतीचं स्मारक हवं होतं आणि पठ्ठ्याने जगबुडी आल्यासारखं काहीतरी रंगवून ठेवलं. सप्टेंबर ८९ ला उद्घाटन, दोन महिन्यांत भिंत पडली. हा माणूस सरकारी म्हणायचा की बंडखोर, तुम्ही बापलेकीच ठरवा. आता ही काही समकालीन कला नव्हे, पण मला त्या म्युझियम्समधल्या अर्ध्या व्हिडिओंपेक्षा हेच आवडलं.

फिरता_भोवरा:
+१. आणि वॉर्साच कर, बर्लिनहून थेट गाडी आहे. नवीन म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट २०२४ ला उघडलं, पांढरा ठोकळा, शेजारी सोव्हिएत युनियनने भेट दिलेला संस्कृती महाल, २३७ मीटर. दोन्ही एका नजरेत दिसतात. ल्युब्लियानाचं मेटेलकोवा पण मस्त, युगोस्लाव्ह सैन्याच्या जुन्या बराकीत म्युझियम, आणि पूर्व युरोपची कला त्यांनी स्वतःच्या हिशोबाने जमवलीये, पण गुडघे बघता लांब पडेल.

धागाकर्ती:
खूप खूप आभार! बाबांना फोनवर पॅनोरमाचं सांगितलं तर पहिला प्रश्न, "शेतकरी जिंकतात का त्यात?" हरले म्हटल्यावर, "मग बघायलाच पाहिजे." तर गाडी भाड्याने घेतेय. तिखटमीठ, ते टेकडीवर आहे ना, पार्किंगपासून किती चढ आहे आणि आत गोल हॉलमध्ये म्हाताऱ्या माणसाला टेकायला काही आहे का? नसेल तर फोल्डिंग स्टूल घेऊन जाऊ देतात का?